जीन आणि मशेरी एकत्र मोजायची तर: कोकणात अभ्यास आखणाऱ्या नवख्यांसाठी

हल्ली डीएनए टेस्ट स्वस्त झाल्यात, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की पेशंटचं रक्त घ्यायचं, जीन बघायचा, एक फॉर्म भरून घ्यायचा की झाला जीन-एन्व्हायर्नमेंट अभ्यास. तसं होत नाही. खरं तर जीन मोजणं हा यातला सगळ्यात सोपा भाग राहिलाय, तो जन्मापासून तोच असतो, आज मोजा नाहीतर दहा वर्षांनी मोजा. बाकी सगळं, म्हणजे माणूस काय खातो, कुठला धूर घेतो, कुठे राहतो, हे लग्न झालं की बदलतं, मुंबईला गेलं की बदलतं, पावसाळा लागला की बदलतं. अभ्यास फसतो तो इथेच, किंवा मग कोणाची तुलना कोणाशी केली तिथे. म्हणून हा लेख वाचताना निम्म्याहून जास्त लक्ष या दोन गोष्टींकडे ठेवा.

कम्युनिटी मेडिसिनचे नवे रेसिडेंट, बायोटेकची मुलंमुली, रत्नागिरी-सिंधुदुर्गात फील्डवर काम करणारे, अशांना डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. उदाहरण एकच धरू: तोंडाचा कॅन्सर, मशेरी, आणि जीएसटीएम१ नावाचा जीन.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

इंटरॅक्शन म्हणजे काय हे डोक्यात पक्कं हवं: जीन आणि सवय (किंवा औषध) एकत्र आल्यावर परिणाम बदलणं. मलेरियाच्या व्हायव्हॅक्स प्रकाराला आपण १४ दिवस प्रायमाक्विनची गोळी देतो. बहुतेकांना काही होत नाही, पण ज्याच्या अंगात जी६पीडी हे एन्झाइम कमी आहे त्याच्या लाल पेशी फुटतात, लघवी काळपट होते. तो माणूस एरवी बहुतेक वेळा ठणठणीत असतो आणि तीच गोळी शेजाऱ्याला सहज पचते, त्रास होतो तो दोन्ही एकत्र आल्यावर. दुसरं उदाहरण ब्लॅडरच्या कॅन्सरचं. सिगरेटने तो वाढतो हे माहीतच आहे, पण ज्यांचा एनएटी२ जीन सावकाश काम करणारा आहे त्यांच्यात सिगरेटचा धोका जास्त दिसतो, आणि हे बऱ्याच अभ्यासांत टिकून राहिलंय.

आणि न टिकलेलं उदाहरणही माहीत असू द्या. सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरचा जीन, आयुष्यातले ताण आणि डिप्रेशन यांचा संबंध सांगणारा पेपर २००३ साली आला, प्रचंड गाजला, जगभर लोक त्याच्या मागे लागले, आणि २००९ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितल्यावर इंटरॅक्शन दिसलंच नाही. जीन भरपूर, सवयी भरपूर, आणि लहान सॅम्पलमध्ये शोधत बसलं की काही ना काही 'सिग्निफिकंट' हाती लागतंच. त्यामुळे आधी प्रश्न, मग डेटा.

आपला प्रश्न असा: जीएसटीएम१ नसलेल्या बायकांमध्ये मशेरीमुळे तोंडाच्या कॅन्सरचा धोका, हा जीन असलेल्या बायकांपेक्षा जास्त वाढतो का? हा प्रश्न हवेतून आलेला नाही. मशेरी म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड, भाजताना पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन तयार होतात, आणि जीएसटीएम१चं एन्झाइम नेमकी तीच विषं निष्प्रभ करायला मदत करतं. काही लोकांमध्ये हा जीन दोन्ही बाजूंनी पूर्ण गायब असतो, म्हणजे एन्झाइम बनतच नाही. अशी साखळी मांडता येत असेल तरच पुढे जा. या जीनवर आपल्याकडे लहान लहान अभ्यास बरेच झालेत आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचं मोठं कारण पुढे लॅबच्या भागात येतंय.

कोणता डिझाइन घ्यायचा

कोहोर्ट म्हणजे निरोगी माणसं घेऊन वर्षानुवर्षं बघत राहायचं. एक्सपोजर (सवय, धूर, आहार वगैरे) आजारपणाच्या आधीच मोजलं जातं म्हणून सगळ्यात विश्वासाचा, पण एका तालुक्यात तोंडाच्या कॅन्सरच्या पुरेशा केसेस जमायला तुमची नोकरी संपेल. त्यामुळे नवख्या माणसाने केस-कंट्रोल घ्यावा, म्हणजे आजार झालेले (केस) आणि न झालेले (कंट्रोल) घेऊन दोघांचे जीन आणि मागच्या सवयी ताडून बघायच्या, माझं मत स्पष्ट आहे.

केस-ओन्ली नावाचाही एक प्रकार आहे, त्यात फक्त पेशंट घेतात, कंट्रोल नाहीतच, आणि पेशंटमध्ये जीन आणि सवय यांची जोडी अपेक्षेपेक्षा जास्त वेळा दिसते का ते बघतात. कमी माणसांत काम होतं म्हणून मोह पडतो. पण अट एकच आणि ती कडक: लोकांमध्ये तो जीन आणि ती सवय यांचा एकमेकांशी काही संबंध नसावा. कोकणात ही अट सहज मोडू शकते, कारण सवयी समाजागणिक बदलतात आणि पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं होत आल्यामुळे जीनचं प्रमाणही समाजागणिक बदलतं. आणि हा डिझाइन मशेरीचा किंवा जीनचा स्वतःचा परिणाम सांगू शकत नाही, फक्त इंटरॅक्शन सांगतो.

प्रश्न डायबेटिसचा असेल तर मात्र कोकणात एक फार सुंदर डिझाइन घरातच मिळतो. एक भाऊ गावी शेती-बागायत करतोय, दुसरा डोंबिवली नाहीतर विरारला आहे. आईवडील तेच, म्हणजे वंशाचा फरक आपोआप कमी झाला, आणि राहणी मात्र पूर्ण वेगळी. इंडियन मायग्रेशन स्टडीत लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळुरूच्या कारखान्यांतले कामगार आणि त्यांची गावाकडची भावंडं अशाच पद्धतीने घेतली होती. आपल्याकडे गणपतीत दोघेही भाऊ एका घरात भेटतात, फॉर्म आणि रक्त एकाच भेटीत होतं. फक्त उपाशीपोटीच्या साखरेवर भिस्त ठेवू नका, मोदक-नैवेद्याचे दिवस असतात, त्याऐवजी एचबीए१सी घ्या, तो मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. आणि आहाराचे प्रश्न विचारताना 'सणाचे दिवस सोडून' हे शब्द फॉर्ममध्येच छापा.

केस कोण, कंट्रोल कोण

केस नव्या घ्या, म्हणजे नुकतंच निदान झालेल्या, बायोप्सीचा रिपोर्ट हातात असलेल्या. दोन-तीन वर्षांपूर्वीचे पेशंट घेतले तर त्यातले गंभीर आजारी आधीच गेलेले असतात, आणि जीनचा संबंध जगण्या-वाचण्याशी असेल तर तुम्ही आजाराचं नाही, वाचण्याचं कारण शोधताय.

आता कोकणातली खरी अडचण. इथले कितीतरी पेशंट निदानासाठी, उपचारासाठी सरळ मुंबई गाठतात, परळला टाटामध्ये. तुम्ही फक्त जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलात बसलात तर ज्यांना मुंबई परवडत नाही किंवा ज्यांचं मुंबईत कोणी नाही तेच तुम्हाला भेटणार. उलट आयुष्य मुंबईत काढलेला चाकरमानी आजारी पडल्यावर गावी येतो आणि तुमच्या यादीत 'गावातला पेशंट' म्हणून बसतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात टाटा मेमोरियलची कॅन्सर रजिस्ट्री आहे, तिथल्या लोकांशी सुरुवातीलाच बोला, जिल्ह्याबाहेर निदान झालेल्या केसेस कशा पकडतात हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. आणि कोण पात्र हे आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ निदानाआधी किमान अमुक वर्षं जिल्ह्यात राहणारी व्यक्ती, आणि तोच नियम कंट्रोललाही लावा.

कंट्रोल निवडायचा नियम सोपा आहे, पाळायला कठीण: तिला उद्या हा आजार झाला तर ती तुमच्या केसच्या यादीत आली असती का? हो असेल तरच ती कंट्रोल. हॉस्पिटलातून घ्यायच्या असतील तर हाड मोडलेल्या, हर्नियाच्या अशा चालतील, पण हार्टच्या, दम्याच्या, दातांच्या ओपीडीतल्या नकोत कारण त्यांच्यात तंबाखू आधीच जास्त असणार.

मग सगळे म्हणतात, त्याच वाडीतली शेजारीण घेऊ, वय जुळवून. बरं वाटतं ऐकायला. पण आपल्याकडची वाडी बघा ना, बऱ्याचदा एकाच समाजाची, कितीतरी घरं एकाच भावकीतली, सासू-सुना-जावांच्या सवयी सारख्या. वाडी जुळवली की वंश जुळतो हे चांगलं, पण मशेरीही जुळून जाते, आणि मग जे मोजायचं तेच पुसलं जातं. मी सांगेन की वय आणि तालुका एवढंच जुळवा, कंट्रोल मतदार यादीतून किंवा आशाताईंच्या कुटुंब-नोंदवहीतून लॉटरीने काढा, आणि वंशाचा फरक नंतर हिशेबात घ्या. त्यासाठी समाज, माहेरचं गाव, आईचं माहेर विचारून ठेवा, आणि पैसे असतील तर जीनोमभरचे मार्कर करून प्रिन्सिपल कंपोनंट (वंशातला फरक आकड्यांत मांडणारी मापं) काढा. नाहीतर एका समाजात जीएसटीएम१ कमी आणि त्याच समाजात मशेरी जास्त, एवढ्यावरून खोटंच नातं दिसायला लागतं.

सवय मोजायची कशी (इथे घाई करू नका)

पहिला धडा फील्डवर पाच मिनिटांत मिळतो. "काकी, तंबाखू खाता काय?" "नाय गो, नुसती दातांक मशेरी लावतंय." बाईंच्या मते त्या तंबाखू खात नाहीत आणि त्या खोटं बोलत नाहीयेत. म्हणजे तुमच्या फॉर्मवर 'तंबाखू: होय/नाही' असा एकच रकाना असेल तर या काकी 'नाही'मध्ये जाणार आणि सगळा अभ्यास तिथेच गेला. प्रत्येक वस्तू नाव घेऊन, वेगळी विचारा: मशेरी, पानात तंबाखू, चुना लावून तंबाखू, विडी, गुटखा, तपकीर, आणि सुपारी तर वेगळीच विचारा कारण तंबाखूशिवायच्या सुपारीलाही आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) २००४ मध्ये कॅन्सरकारक ठरवलंय, आणि श्रीवर्धनपासून खाली सगळीकडे सुपारी परसातच आहे.

मग मशेरीबद्दल 'लावता का' एवढ्यावर थांबू नका. कधी सुरू केली (बहुतेकींना साल सांगता येत नाही, लग्नाआधी की नंतर, पहिल्या मुलाच्या वेळी की नंतर असं विचारलं की बरोबर सांगतात), दिवसातून किती वेळा, सकाळीच की दुपारी जेवल्यावर आणि रात्रीही, लावून लगेच चूळ भरता की तोंडात ठेवून कामं करता, आणि किती वेळ. घरी भाजता की विकतची पुडी. घरी भाजत असतील तर डबी बघायला मागा, चिमूट किती मोठी ते दाखवायला सांगा, जमलं तर ती चिमूट छोट्या वजनकाट्यावर मोजा. भाजणारी कोण हेही विचारा, चुलीसमोर बसून तो धूर घेणारी एकच असते, लावणाऱ्या चार.

प्रश्न कुठल्या काळाबद्दल विचारताय हे पक्कं करा. तोंडात जखम झाली, झोंबायला लागलं की बायका मशेरी सोडतात, मग निदानाच्या दिवशी 'लावत नाही' हेच उत्तर येणार. म्हणून केसना 'त्रास सुरू व्हायच्या आधीचं एक वर्ष' विचारा आणि कंट्रोलनाही तेवढ्याच मागच्या काळाचं. लघवीतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासून पडताळणी करता येते, पण ते मागच्या काही दिवसांचंच सांगतं, तीस वर्षांचं नाही.

सीझनचं भान ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशी घरी सापडतात, मुलाखती भराभर होतात, पण त्याच दिवसांत 'आठवड्यातून ताजे मासे किती वेळा' विचारलंत तर डिसेंबरपेक्षा वेगळंच उत्तर येणार, घरात तेव्हा सुकट-बोंबलावर भागतं. केस वर्षभर येत राहणार आणि कंट्रोल सगळे जूनमध्ये उरकले तर हा फरक आजाराचा म्हणून दिसेल. दोन्ही गट महिन्यागणिक सोबत सोबत घ्या.

मुलाखत घेणारी मुलगी तीच, फॉर्म तोच, जागा शक्यतो तशीच. आणि सासूसमोर सुनेला मशेरीचं विचारू नका, खरं उत्तर मिळणार नाही.

एवढा जीव का काढायचा? कारण सवय चुकीची नोंदली गेली की, चूक दोन्ही गटांत सारखी असली तरी, इंटरॅक्शन बऱ्याचदा पुसट होत जातं, आणि ती कसर भरून काढायला लागणारी माणसं शेकड्यात वाढतात.

रक्त आणि लॅब

जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब. डीएनएसाठी रक्त फ्रिजमध्ये काही दिवस आरामात टिकतं, पावसात लाइट गेली तर आइस बॉक्स तयार ठेवा. लाळेचे किट सोयीचे आहेत, पण तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटकडून नको, रेडिएशन झालेलं असेल तर लाळ फारच कमी येते. लेबल छापील बारकोडचं लावा, पेनाची शाई बर्फाच्या पाण्यात जाते.

जीएसटीएम१च्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्या. साध्या पीसीआरमध्ये (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून बघायची पद्धत) जीन असेल तर जेलवर पट्टी दिसते, नसेल तर दिसत नाही. पण डीएनए खराब असेल तरीही पट्टी दिसत नाही! म्हणजे खराब सॅम्पल 'जीन गायब' म्हणून मोजलं जातं. आता केसचं रक्त एका हॉस्पिटलात घेतलं, कंट्रोलचं वाडीत घेऊन दुपारभर जीपमध्ये फिरवलं, तर सॅम्पलचा दर्जा वेगळा आणि 'जीन'मध्येही फरक दिसायला लागतो. त्यामुळे त्याच ट्यूबमध्ये दुसरा एखादा नेहमी असणारा जीन, उदाहरणार्थ बीटा-ग्लोबिन, सोबत चालवायचा, त्याची पट्टी दिसली तरच निकाल धरायचा. त्याहून बरं म्हणजे रिअल टाइम पीसीआरने कॉपी किती आहेत ते मोजणं. केस-कंट्रोल एकाच प्लेटवर मिसळून लावा, कोण कोणता हे लॅबला कळू देऊ नका, आणि शंभरातली पाचेक सॅम्पल्स गुपचूप दुसऱ्या नंबरने परत पाठवा.

आकडे: आठ घरांचा तक्ता

हे आकडे समजण्यासाठी मी बनवलेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. कागद घ्या आणि सोबत करा.

मशेरी नाही, जीन आहे: केस ६०, कंट्रोल १२०
मशेरी नाही, जीन नाही: केस ३०, कंट्रोल ५०
मशेरी आहे, जीन आहे: केस १४४, कंट्रोल ९६
मशेरी आहे, जीन नाही: केस १००, कंट्रोल ४०

पहिली ओळ पाया धरली की ऑड्स रेशो (केस भागिले कंट्रोल, पहिल्या ओळीच्या किती पट) येतात १, १.२, ३ आणि ५. आता गुणाकाराच्या मापाने दोन्ही एकत्र आल्यावर १.२ गुणिले ३, म्हणजे ३.६ अपेक्षित होतं, मिळाले ५, गुणोत्तर १.३९. बेरजेच्या मापाने ५ वजा ३ वजा १.२ अधिक १, म्हणजे १.८, याला आरईआरआय म्हणतात, शून्यापेक्षा जास्त म्हणजे दोघांची मिळून जादा भर आहे. दोन्ही मापं द्या. काही वेळा एका मापावर इंटरॅक्शन असतं आणि दुसऱ्यावर नसतं, त्यात चूक काही नाही, प्रश्नच वेगळे आहेत. गावात किती कॅन्सर टाळता येतील हे विचारायचं असेल तर बेरजेचं माप जास्त कामाचं. आणि हेही बघा की जीन असलेल्यांमध्येही मशेरीचा रेशो ३ आहेच, म्हणजे जीन बघून कोणालाही 'तुम्ही लावली तरी चालेल' असं सांगायचा प्रश्नच येत नाही.

केस-ओन्लीने करून बघा: १०० गुणिले ६०, भागिले ३० गुणिले १४४, उत्तर तेच १.३९. कारण मी कंट्रोलमध्ये जीन आणि मशेरीचा संबंध मुद्दाम शून्य ठेवलाय.

आता खरी बातमी. ही ६४० माणसं झाली, एमडीच्या थिसिसच्या मानाने भरपूर, तरी त्या १.३९चा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्यात असावा असं धरतात तो पट्टा) येतो ०.६८ ते २.८२. म्हणजे काहीच ठामपणे सांगता येत नाही. केस-ओन्लीने ०.८४ ते २.३१, थोडा आखूड पण तोही १ ओलांडून जातो, आणि १ म्हणजे इंटरॅक्शन नाही. १९८४ पासून सांगितला जाणारा ठोकताळा आहे की मुख्य परिणाम पकडायला जितकी माणसं लागतात त्याच्या किमान चौपट लागतात तेवढ्याच आकाराचं इंटरॅक्शन पकडायला. त्यामुळे एकट्याने करू नका. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे तिघं मिळून एकच फॉर्म, एकच लॅब पद्धत ठरवा, म्हणजे नंतर डेटा खरंच जोडता येईल.

आकडेमोडीच्या मॉडेलमध्ये वय, सुपारी, दारू, समाज हे घालताना फक्त साधे घालून भागत नाही, इंटरॅक्शन तपासताय तर त्यांचे जीनशी आणि मशेरीशी गुणाकारही घालावे लागतात. ही गोष्ट छापून आलेल्या पेपरांतही राहून जाते. सगळा प्लॅन डेटा बघायच्या आधी तारीख टाकून लिहून ठेवा.

परवानगी

हे शेवटी लिहितोय पण करायचं सगळ्यात आधी. एथिक्स कमिटीची मंजुरी, आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून. संमतीपत्र बाईंना कळेल अशा भाषेत, आणि ते वाचून दाखवणारी व्यक्ती मालवणी बोलणारी असेल तर फारच उत्तम. आजच्या अभ्यासाला होकार आणि रक्त पुढच्या अभ्यासासाठी ठेवायला होकार, या दोन वेगळ्या सह्या किंवा अंगठे. जीनचा रिपोर्ट देणार की नाही ते स्पष्ट सांगा. या जीनवरून उपचार बदलत नाहीत, मग तो देऊन उगाच घाबरवण्यात अर्थ नाही, पण तोंडात पांढरा चट्टा दिसला तर त्याच आठवड्यात तपासणीला पाठवायची सोय हवीच हवी. आणि निकाल छापताना वाडीचं नाव, नेमकं वय आणि आजार एका ओळीत येऊ देऊ नका, तीस घरांच्या वाडीत एवढ्यावरून बाई कोण ते सगळ्यांना कळतं.

लिहिताना ती आठही घरं पेपरमध्ये जशीच्या तशी छापा, इंटरॅक्शन सापडलं नाही तरीसुद्धा. नुसता पी व्हॅल्यू दिला तर उद्या पाच जिल्ह्यांचे अभ्यास एकत्र करणाऱ्याला तुमचा डेटा वापरता येत नाही, आठ आकडे दिले तर येतो.